सरावाचं कडवं

ह्यू वॉर्नॉक गेला तेव्हा तालुक्याच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. कार्नाबेगच्या प्रार्थनाघरात साठ वर्षं सूर देणारे, वडील मंडळाचे सभासद, अविवाहित. शेवटचा शब्द वाचून मला त्या छापणाऱ्याचा राग आला. वास्तविक त्याचं काही चुकलं नव्हतं. पण माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट एका शब्दात उरकायची, आणि तीही स्वल्पविरामानंतर, हे मला पटलं नाही. म्हणून हे लिहितेय.

ह्यू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. आमच्या दोन शेतांमध्ये फक्त एक बांध आणि त्यावरचं काटेरी कुंपण. तीस एकर जमीन, थोडे ओट्स, थोडा जवस, चार-पाच गाई, आणि हे सगळं करायला तो एकटा. उंच, किंचित वाकलेला, कान मात्र परमेश्वराने दोन माणसांचे दिलेले. बोलणं इतकं कमी, की बाजारात वासराची किंमत सांगायची तरी आधी घसा साफ करायचा. मी चौसष्टीला आले तरी मला ‘पोरी’ म्हणणारा तो एकटाच उरला होता.

पण रविवारी हाच माणूस उभा राहिला की वेगळा दिसायचा. आमच्या प्रार्थनाघरात पेटी नाही, ऑर्गन नाही, कसलंच वाद्य नाही. आम्ही कव्हेनंटर, जुन्या कडक वळणाचे ख्रिस्ती लोक, बायबलातल्या दाविदाच्या स्तोत्रांखेरीज दुसरं काही गात नाही. ह्यू नादकाटा, म्हणजे सूर लावायचा दुबोटी लोखंडी काटा, गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, हलकेच सूर गुणगुणायचा, आणि मग अख्खी मंडळी त्याच्या आवाजाला धरून चालायची. कुणी बेसूर झालं तर मागे वळून बघायचा नाही. फक्त त्याचे कान लाल व्हायचे, आणि ज्याचं चुकलं त्याला ते बरोबर कळायचं.

आता गायचं तर शिकायला हवं. त्यासाठी हिवाळ्यात दर शुक्रवारी प्रार्थनाघरात गायनाचा वर्ग भरायचा. देवाचे शब्द सरावासाठी झिजवायचे नाहीत, हा आमच्याकडचा फार जुना दंडक. चाल घोटायची तर दुसरे कुठलेतरी शब्द घ्यायचे. मग काय, पोरं कडवी जुळवायची. कुणाची लंगडी गाय, कुणाच्या बायकोचा दगडासारखा सोडा ब्रेड, कुणाची मामाने टाकलेली टोपी. हे सगळं त्या संथ, गंभीर चालीत, हात बांधून, तोंडं लांब करून गायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत मोठी भक्ती चालली आहे. आणि ज्याच्यावर कडवं झालं त्याने पुढच्या शुक्रवारी, सगळ्यांसमोर, कडव्यातच उत्तर द्यायचं. नाही दिलं तर वर्षभर लोक पिच्छा सोडायचे नाहीत.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या हिवाळ्यात हा वर्ग तेवीस वर्षांच्या ह्यूकडे आला. मी तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली, तेव्हा हे सगळं माझ्या आईकडून ऐकलेलं. आई त्या वर्गात होती. तिच्या शेजारी मार्था टॅगर्ट बसायची. मार्था ओढ्यापलीकडची, जवसाच्या सुताच्या गिरणीत कामाला जाणारी, हात कायम लाल, आवाज जाड आणि खालचा. ती हसली की बाक हलायचं म्हणे. ह्यूला तिच्याशी साधं ‘बरी आहेस ना’ एवढंही बोलता यायचं नाही. ती आत आली की हा स्तोत्रांचं पुस्तक उलटं धरायचा, आणि हे त्याच्याखेरीज सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

एका शुक्रवारी त्याने नवी चाल शिकवायला घेतली आणि शब्द स्वतःचे दिले. आईला ते पाठ होते.

तुझं घर ओढ्यापार,
वाट चिखलाची,
कुणी आलं पायी तर
ऊब का चुलीची?

“आम्ही दोन ओळी गायलो आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं,” आई सांगायची. “मागच्या बाकावरची पोरं फुटलीच. ह्यू आपला भिंतीकडे बघून हाताने ठेका धरतोय. कान असे, की त्यावर भाकरी भाजावी.”

“आणि मार्था?” मी दर वेळी विचारायची.

“ती नाही हसली. तिला काय कळायचं ते कळलं. वर्ग सुटल्यावर मला म्हणाली, पुढच्या शुक्रवारी लवकर ये गं, मी काहीतरी जुळवतेय.”

पण तो पुढचा शुक्रवार उजाडलाच नाही. मधल्या बुधवारी घरोघर निरोप आला, वर्ग बंद. कारण कुणी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. ह्यूचा बाप सॅम्युएल वॉर्नॉक वडील मंडळात, म्हणजे प्रार्थनाघराच्या पंचांत, होता, आणि त्याच्यापुढे हसायलाही लोक दोनदा विचार करायचे. देवाच्या घरात पोरी गटवायची कडवी चालतात, हे त्याच्या कानावर गेलं आणि त्याने कुलूप घातलं, अशी सगळ्यांची खात्री. माझी आई त्यानंतर सॅम्युएलशी मरेपर्यंत बोलली नाही. तो समोरून आला तर ती कुंपणातल्या फुलांकडे बघायची, आणि हिवाळ्यात कुंपणाला फुलं नसतात.

वसंतात मार्था पेनसिल्व्हेनियाला गेली. तिची आत्या तिथे होती, बऱ्याच दिवसांपासून बोलावत होती. इथे गिरणीत तिचं भवितव्य काय होतं ते दिसतच होतं, आणि ज्याने तिला अडवायचं तो तर स्तोत्राचं पुस्तक उलटं धरून बसलेला. आमच्याकडे कुणी समुद्रापार निघालं की शेजारीपाजारी त्याला चौफुलीपर्यंत चालत पोचवतात आणि तिथे एक स्तोत्र म्हणतात. सूर कुणी द्यायचा? ह्यूनेच. त्या दिवशी त्याने इतका वर लावला की तिसऱ्या ओळीला बायकांचे गळे बसले आणि शेवटची ओळ कुणालाच गाठता आली नाही. तेवढं एक स्तोत्र त्याच्या हातून आयुष्यात अर्धवट राहिलं. आई म्हणायची, मार्था गाडीत चढेपर्यंत वळून वळून बघत होती, आणि हा शहाणा नादकाट्याकडे बघत होता, जणू चूक त्या लोखंडाची.

पुढे दोन वर्षांनी वर्ग पुन्हा सुरू झाला. मीही त्यातच शिकले. पण सरावाचं कडवं ह्यूने कधी करू दिलं नाही. नुसतं ‘ला ला ला’ करून आम्ही चाली घोटल्या. सगळ्या परगण्यात आम्हा कार्नाबेगच्या पोरांनाच हा वनवास. मला वाटायचं, बापाचा धाक. बाप मेला, त्यालाही तीस वर्षं झाली, तरी ‘ला ला’ सुटलं नाही. मग वाटायला लागलं, सवय.

आता अमेरिकन लोकांचं. ते आमच्याकडे पहिल्यापासून येतात. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कधीतरी इथून गेलेले, आणि त्यांच्या मते आपण सगळे एकच. ते स्वतःला स्कॉच-आयरिश, म्हणजे स्कॉच मुळाचे आयरिश, म्हणवतात. हे आपलं नाव आहे हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. ते कबरींवरचं शेवाळ खरवडतात, पडक्या भिंतींना हात लावून रडतात, आणि तुमच्याकडे स्कॉच लोकांसारखे घागरे घालणारे पुरुष कुठे दिसत नाहीत म्हणून हिरमुसतात. माणसं चांगली. पण कपभर चहा पिताना इतके आभार मानतात की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं.

तर शहाऐंशी की सत्त्याऐंशी साल असेल, मार्था तिकडे वारल्याची बातमी टॅगर्टांच्या लांबच्या भाच्याकडून आली. ह्यूला मीच सांगितलं. तो कुंपणाची तार ओढत होता.

“कधी?” त्याने विचारलं.

“फेब्रुवारीत म्हणे.”

“हं,” म्हणाला आणि तार ओढत राहिला. तार पुरेशी ताणून झाली होती, मला दिसत होतं.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांनी एक बस आली. प्रार्थनाघराची किल्ली माझ्याकडे असते, चहा-पावाचंही मीच बघते. दहा-बारा जणांचा गट होता. ते बाँबस्फोटांचे दिवस, बस तपासणीसाठी सैनिकांच्या चौकीवर अडवून ठेवली होती, म्हणून तासभर उशीर झालेला, आणि माझे बटाट्याचे पाव गार. त्यांनी आधीच कळवलं होतं की जुन्या पद्धतीचं गाणं ऐकायचंय. म्हणून ह्यूला बोलावलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काळा कोट घालून पहिल्या बाकावर ताठ बसलेला. त्याने एक स्तोत्र म्हणून दाखवलं. आवाज आता भाताच्या पेजेसारखा पातळ झाला होता, पण सूर जिथल्या तिथे.

त्यांच्यातली एक बाई, चाळिशीची, निळं जाकीट, उभी राहिली. म्हणाली, “मी जोलीन. माझी आजी याच प्रार्थनाघरातली. मार्था टॅगर्ट. तिने आम्हाला एक स्तोत्र शिकवलं होतं, तिच्या गावचं. आमच्याकडे सगळ्या लग्नांत आणि मयतींत आम्ही तेच म्हणतो. इथे म्हटलं तर चालेल ना?”

मी ह्यूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मार्थाने तिकडे लग्न केलं ते मेथडिस्टाशी, त्यांच्यात नवी रचलेली गाणीही गातात, तेव्हा कसलं तरी भजन निघणार आणि आमच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, कळलं तर मला बोलणी बसणार, ही मला काळजी. पण आजीचं नाव काढल्यावर नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली.

तिने सुरुवात केली. आवाज जाड, खालचा. चाल आमचीच, संथ. आणि शब्द: तुझं घर ओढ्यापार, वाट चिखलाची.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. समुद्रापलीकडे साठ वर्षं एक अख्खं खानदान मयताला सरावाचं कडवं म्हणत होतं. बाकीचे अमेरिकन माना खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. मी ओठ चावला आणि ह्यूकडे पाहिलं, आणि माझं हसू तिथेच गेलं. त्याचे कान पांढरे पडले होते.

ऊब का चुलीची, इथे ते संपलं. मी पुढे होणार एवढ्यात तिने श्वास घेतला आणि पुढचं कडवं सुरू केलं.

चूल माझी पेटलेली,
दार नाही बंद,
येणाऱ्याचे पाय मात्र
फार बाई मंद.

हे माझ्या आईला माहीत नव्हतं. कार्नाबेगमध्ये कुणालाच नव्हतं.

गाणं झाल्यावर जोलीन ह्यूजवळ आली. “आमचे पाळक म्हणतात, ओढा म्हणजे बायबलातली यार्देन नदी, आणि येणारा म्हणजे प्रभू. पण हे स्तोत्र कितवं? आम्ही सगळं पुस्तक चाळलं. सापडत नाही.”

ह्यूने घसा साफ केला. “पुस्तकात नाही ते,” म्हणाला.

“मग कुणाचं आहे?”

मी तोंड उघडलं, त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी मिटलं.

“इथल्याच कुणाचं तरी,” तो म्हणाला. “जुनं आहे.” मग नादकाटा खिशात ठेवत, “हे दुसरं कडवं... हेही ती इथेच शिकली?”

“नाही, ते तिचं स्वतःचं,” जोलीन म्हणाली. “पहिल्याला उत्तर म्हणून तिने केलं होतं. पण इथे ते कधी म्हटलंच गेलं नाही, असं सांगायची. ज्या दिवशी म्हणायचं त्या दिवशी ती आली तर प्रार्थनाघराचं दार बंद. मग तिने ते बोटीवर म्हटलं, एकटीनेच. हे सांगताना ती नेहमी हसायची. माझे आजोबाही हसायचे. त्यांना वाटायचं, बोटीवर घाबरली असेल.”

“सुखात होती का?” ह्यूने विचारलं.

त्या बाईला हा प्रश्न अपेक्षित नसावा. तिने विचार केला. “हो. बहुतेक हो. पाच मुलं होती. खूप हसायची.”

“हसायची,” ह्यू म्हणाला. “बरं.”

तिने पर्समधून छोटं टेप यंत्र काढलं. “मिस्टर वॉर्नॉक, तुम्ही पहिलं कडवं म्हणाल का? मी दुसरं म्हणते. घरी नेऊन सगळ्यांना ऐकवीन. आजीच्या गावच्या आवाजात.”

माझ्या मनात आलं, म्हण बाबा. आता तरी म्हण. सांग तिला की मी तो. तुझ्या आजीने ज्याला उत्तर दिलं तो मी. तिने तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात हात टाकले असते, ती माणसं तशीच असतात. त्याने नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. सूर गुणगुणला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. तो सूर तसाच विरला.

“मला नाही जमायचं,” तो म्हणाला. “सूर दिलाय. तूच म्हण दोन्ही.”

तिने दोन्ही म्हटली. ह्यू टोपी हातात धरून उभा राहून ऐकत होता. मग बसवाल्याने भोंगा वाजवला, ती सगळी मंडळी आभार मानत मानत चढली, आणि मार्था टॅगर्टची नात खिडकीतून हात हलवत निघून गेली.

ह्यूला मी माझ्या गाडीतून घरी सोडणार होते. चौफुलीपर्यंत मी दम धरला.

“काय झालं असतं सांगितलं असतं तर?” मी म्हणाले. “जीभ झडली असती का तुझी?”

“काय सांगायचं? त्यांच्या घरी ते देवाचं झालंय. त्यांच्या मयतींत म्हणतात. आणि मी सांगू, की बाबांनो, हे एका शेतकऱ्याच्या पोराने पोरगी गटवायला जुळवलेलं आहे?”

“गटवायला कुठे? लग्न करायला. आणि तिने हो म्हटलं होतं, बहिऱ्या. ऐकलंस ना? तिने हो म्हटलं होतं. तुझ्या त्या बापाने दाराला कुलूप ठोकलं नसतं तर ती नात आज तुझी असती.”

“गाडी थांबव, पोरी.”

मला वाटलं तो रागाने उतरून चालत जाणार. मी गाडी कुंपणाला लावली. तो उतरला नाही. समोरच्या काचेतून बघत राहिला.

“कुलूप बापाने नाही घातलं,” तो म्हणाला. “बापाच्या कानावर गेलं होतं, हे खरं. पण तो एवढंच म्हणाला, पोरगी चांगली आहे, विचारायचं तर दिवसाउजेडी तिच्या घरी जा आणि सरळ विचार. मी येतो बरोबर, म्हणाला.”

माझी आई सगळा जन्म त्या म्हाताऱ्याकडे पाठ करून राहिली होती. “मग वर्ग कुणी बंद केला?”

“मी. सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं असतं ना. मला वाटलं, ती हसण्यावारी नेईल. तिच्या तोंडून चार लोकांत ‘नाही’ ऐकायचं, तेही चालीत. मला नाही सोसलं असतं. म्हणून मी घरोघर निरोप दिला. ओढ्यापलीकडे तेवढा दिला नाही.”

“का?”

“ती एकटी यावी म्हणून. कुणी नसताना बोलता येईल, असं ठरवलं होतं. मी आधीच जाऊन आत बसलो होतो. दार आतून लावून.”

“आली ती?”

“आली. दोनदा दार वाजवलं. उठून दाराशी गेलो, पण उघडवेना. माझं नाव घेतलं तिने एकदा. मग पायरीवर बसली. चांगला अर्धा तास बसली असेल. गुणगुणत होती काहीतरी, पुन्हा पुन्हा, घोटल्यासारखं. मी दाराला कान लावून उभा होतो. चाल माझीच होती, ती कळली.” त्याने टोपीची कड बोटांनी सरळ केली. “दार जाड आहे आपलं. शब्द आज कळले.”